उलटें फिरलेलें चक्र

एखाद्या शोधाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे शोधकाचें नांव, शोधाचें साल आणि मागाहून झालेल्या सुधारणांची यादी दिली कीं काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वाफेचें यंत्र म्हटलें कीं वॅट, विजेचा दिवा म्हटला कीं एडिसन, हीं समीकरणें शाळेपासूनच आपल्या मनावर ठसलेलीं असतात. परंतु घराच्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करावी, लागेल तेवढी घरांत वापरावी आणि उरलेली गांवच्या तारेंत सोडून द्यावी, ही जी व्यवस्था आज आपल्या शहरांतून जागोजाग दिसूं लागली आहे, तिचा इतिहास या रीतीनें सांगूं गेल्यास मुळींच उलगडत नाहीं. सूर्यप्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा उपयुक्त घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत इ. स. १९५४ सालीं तयार झाला; आणि सामान्य गृहस्थांच्या छपरांवर तो लाखांच्या संख्येनें चढला तो इ. स. २००० नंतर. मधल्या पंचेचाळीस वर्षांत काय चाललें होतें? किंमत फार होती, हें एक उत्तर आहे व तें खरेंहि आहे. पण ती किंमत उतरली कशी याचा शोध घेऊं लागलों, कीं आपण प्रयोगशाळेंतून निघून घराच्या दाराजवळील मीटरपाशीं येऊन पोहोंचतों. घर आणि गांवची तार यांच्यामधील देण्याघेण्याचा हिशेब कोणी, कसा व कोणत्या दरानें ठेवावयाचा, या वादाचा निकाल ज्या देशांत जसा लागला तशी तेथील छपरांची रचना झाली. छपरावर किती फलक बसवावे, त्यांचें तोंड कोणत्या दिशेला असावें, जवळ बॅटरी ठेवावी कीं ठेवूं नये, हे प्रश्न वरवर पाहतां इंजिनियरचे दिसतात. वस्तुतः त्यांचीं उत्तरें पुष्कळ अंशीं कायद्यानें व करारानें दिलेलीं आहेत. हेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

आरंभ न्यूयॉर्क शहरापासून करावा लागतो. एडिसननें तेथील पर्ल स्ट्रीटवर आपलें वीजगृह इ. स. १८८२ च्या सप्टेंबरांत सुरू केलें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्याच शहरांत चार्ल्स फ्रिट्स नांवाच्या संशोधकानें सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा अतिशय तलम पापुद्रा चढवून प्रकाशापासून वीज देणारे फलक तयार केले व ते एका छपरावर मांडले. पडलेल्या प्रकाशापैकीं जेमतेम शेंकडा एक अंश विजेच्या रूपानें हातीं येई. त्यामुळें व्यवहाराच्या दृष्टीनें तो प्रयोग तेथेंच थांबला. परंतु फ्रिट्सची एक कल्पना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तत्काळ नको असलेली वीज एकतर जागच्या जागीं सांठवितां येईल, किंवा दूर पाठवून तेथें वापरतां येईल, अशा आशयाचें त्यानें लिहून ठेवलें होतें. पुढील सव्वाशें वर्षांचा सारा वाद या दोन पर्यायांत आलेला आहे. पहिला पर्याय बॅटरीचा, दुसरा तारेचा. पहिल्यांत घर स्वतंत्र राहतें, पण सांठवणीचा खर्च सोसतें. दुसऱ्यांत तो खर्च वांचतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं व वीजकंपनीशीं व्यवहार जोडावा लागतो.

हा दुसरा पर्याय त्या काळीं कोणी मनावर घेतला नाहीं, आणि त्यास कारणहि होतें. विजेचा धंदा वाढला तो एकाच दिशेनें. वीजगृह एका टोंकाला, गिऱ्हाईक दुसऱ्या टोंकाला, आणि मध्यें तार. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर इ. स. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पावसाच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे वाहूं लागली. पाणी जसें चढावर वाहत नाहीं, तशी गिरणीकडून खोपोलीकडे वीज जाईल ही कल्पनाहि कोणास शिवण्याचें कारण नव्हतें. तारांची जाडी, ट्रान्सफॉर्मरची योजना, फ्यूज, दरपत्रक, सारें या एका गृहीतकावर बेतलेलें होतें. गिऱ्हाईक म्हणजे घेणारा, आणि त्याच्या दारावरचा मीटर म्हणजे त्यानें किती घेतलें याची नोंद ठेवणारा कारकून. गिऱ्हाईक कधीं काळीं देणाराहि होईल, ही गोष्ट त्या कारकुनाला कोणी शिकविलीच नव्हती. मात्र त्याच्या अंगीं एक गुण असा होता, कीं जो पुढें फार महत्त्वाचा ठरला. त्याची हकीकत ओघानें येईलच.

इ. स. १९५४ च्या एप्रिलांत बेल प्रयोगशाळेंतील चॅपिन, फुलर व पिअरसन या तिघांनीं सिलिकॉनचा घट जगापुढें मांडला. तो प्रकाशाचा सुमारें शेंकडा सहा अंश विजेंत बदलीत असे. चार वर्षांनीं व्हॅनगार्ड हा अमेरिकन उपग्रह असेच घट अंगावर घेऊन आकाशांत गेला. अंतराळांत तार नाहीं, कोळसा नाहीं. तेथें किंमत कोण विचारतो? जमिनीवर मात्र हे घट परवडत ते जेथें तार नेणें अशक्यप्राय अशाच ठिकाणीं: समुद्रांतील तेलविहिरींच्या मचाणांवरील इशाऱ्याचे दिवे, डोंगरमाथ्यावरील दूरसंदेशाचीं ठाणीं, एकाकी वस्त्या. हा फ्रिट्सचा पहिला पर्याय. दिवसां बॅटरी भरावी आणि रात्रीं ती उपसावी.

अशा स्वयंपूर्ण घराची आंखणी करणाराला वर्षांतील सर्वांत वाईट दिवस डोळ्यांपुढें ठेवावा लागतो. पुण्याचें घर घेतलें, तर जुलै-ऑगस्टांतील ओळीनें येणारे चार-पांच काळोखे दिवस कसे निभतील, याचा हिशेब करून फलक व बॅटऱ्या घ्याव्या लागतात. तेवढे घेतल्यावर एप्रिल-मे महिन्यांत बॅटरी दुपारपूर्वींच भरते, आणि पुढें दिवसभर सूर्य फुकट तापत राहतो. म्हणजे टंचाईसाठीं केलेली तरतूद सुकाळांत वाया जाते. धान्याच्या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं या अडचणीवर पेव आणि बाजार असे दोन उपाय काढले होते. उन्हाळ्याची वीज पावसाळ्यापर्यंत टिकवील असें पेव गृहस्थाला परवडेल अशा किंमतींत अद्यापि निघालेलें नाहीं. राहतां राहिला बाजार.

बाजाराची वाट म्हणजे गांवची तार. पण घटांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी, तर तारेंतील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनें करणारी. या दोहोंची सांगड घालणारें यंत्र तें इन्व्हर्टर होय. भारनियमनाच्या दिवसांत आपल्या घरोघरीं जो इन्व्हर्टर आला, त्याच्यांत आणि याच्यांत मोठा भेद आहे. तो घरगुती इन्व्हर्टर तारेंतील वीज गेली कीं जागा होतो. छपरावरील विजेचा इन्व्हर्टर तारेंतील वीज गेली कीं तत्क्षणीं गप्प बसतो. तो तारेंतील लय ऐकतो, तिच्यांत आपला ताल मिसळतो, आणि लय थांबली कीं आपणहि थांबतो. असें न केलें, तर तार बंद आहे अशा समजुतीनें खांबावर चढलेल्या वायरमनला कोणाच्या तरी छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसावयाचा. म्हणून ज्या घरीं बॅटरी नाहीं, तेथें भर दुपारीं ऊन रखरखत असतां वीज गेली तर गच्चीवर लाखों रुपयांची यंत्रसामग्री असूनहि पंखा बंद पडतो. नव्या मालकाला याचें नवल वाटतें; पण तारेशीं केलेल्या कराराचें तें पहिलें कलम आहे. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें इ. स. १९८२ च्या मे महिन्यांत दहा किलोवॅटची अशी योजना तारेला जोडण्यांत आली. युरोपांतील ती पहिली. तिच्या फलकांची पुढें तीस-पस्तीस वर्षें वेळोवेळीं परीक्षा होत गेली, आणि बहुतेक फलक इतक्या काळानंतरहि कामाचे राहिल्याचें आढळून आलें. कराराच्या मुदती वीस-वीस वर्षांच्या ठरविणाऱ्यांना अशा अनुभवाचाच आधार होता.

आतां त्या कारकुनाच्या गुणाविषयीं. जुन्या मीटरच्या कांचेआड ॲल्युमिनियमची एक तबकडी फिरतांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. घरांत वीज येऊं लागली कीं ती एका अंगानें फिरते आणि आंकडे वाढतात. पण वीज घरांतून बाहेर जाऊं लागली, तर तीच तबकडी मुकाट्यानें उलटी फिरूं लागते आणि आंकडे कमी होतात! इ. स. १९७३ च्या तेलटंचाईनें हादरलेल्या अमेरिकेंत इ. स. १९७८ सालीं एक कायदा झाला व लहान उत्पादकांची वीज विकत घेणें कंपन्यांना बंधनकारक झालें. पुढच्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्समधील एका बहुकुटुंबी इमारतींत व एका प्रायोगिक सौरगृहांत या उलट्या फिरणाऱ्या चक्राचा उपयोग हिशेबासाठीं करण्यांत आला. इ. स. १९८३ सालीं मिनेसोटा राज्यानें याच पद्धतीला कायद्याचें रूप दिलें. आज जिला आपण नेट मीटरिंग म्हणतों ती ही. घेतलेल्या विजेंतून दिलेली वजा करावयाची आणि बाकीचे पैसे भरावयाचे, एवढाच तिचा अर्थ.

या घटनेंत इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. दुपारीं दिलेलें एक युनिट आणि रात्रीं घेतलेलें एक युनिट सारख्याच मोलाचें, हा सिद्धान्त कोणा अर्थशास्त्रज्ञानें मांडलेला नव्हता. तो तबकडीच्या यांत्रिक स्वभावांतून आयता निघाला. तबकडीला वेळ कळत नव्हती, म्हणून कायद्यालाहि ती कळली नाहीं. वास्तविक दुपारीं सर्वांच्याच छपरांवर ऊन असतें, आणि दिवेलागणीला सर्वांच्याच घरांत मागणी असते. शिवाय घराच्या दारापर्यंत तार आणून ती राखण्याचा खर्च दोन्ही वेळां तोच. पण छपरें जोंवर बोटांवर मोजण्याइतकीं होतीं तोंवर या भेदाकडे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. गृहस्थाच्या दृष्टीनें तर ही व्यवस्था सोन्यासारखी होती. गांवची तार हेंच त्याचें पेव. आणि तें ठेवीवर एक पैसाहि भाडें घेत नव्हतें. साहजिकच आंखणीचा नियम बदलला. वर्षांतील वाईट दिवस पाहण्याचें कारण उरलें नाहीं. वर्षभराचा एकूण खप पाहून तेवढीच वीज वर्षभरांत देतील इतके फलक बसवावे, बॅटरी घेऊं नये, हा नवा नियम झाला.

छपराची बाजू युरोपांत प्रथम हिरीरीनें मांडली ती झुरिकच्या मार्कुस रेआल या इंजिनियरनें. वीजकंपन्यांचा कल मोकळ्या रानांत मोठीं सौरकेंद्रें बांधण्याकडे होता. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत रेआलनें उलट सिद्ध करून दाखविलें, कीं तीन-तीन किलोवॅटच्या ३३३ योजना ३३३ घरमालकांच्या छपरांवर बसविल्या म्हणजे एक हजार किलोवॅटचें केंद्र होतें. त्यास जमीन घ्यावी लागत नाहीं, आणि वीज जेथें लागते तेथेंच ती तयार होते. परंतु घरमालकानें हौसेनें खर्च करावा कीं फायद्यासाठीं, या प्रश्नाचें उत्तर त्याच्याजवळ नव्हतें. तें जर्मनींतील लहान शहरांनीं दिलें.

जर्मनीच्या पार्लमेंटानें इ. स. १९९० सालीं एक छोटासा कायदा केला. तारेंत सोडलेल्या वाऱ्याच्या व सूर्याच्या विजेला गिऱ्हाइकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या शेंकडा नव्वद दर कंपन्यांनीं द्यावा, असें त्यानें ठरविलें. त्याच सुमारास सरकारनें एक हजार छपरांना अनुदान देण्याची योजना काढली व प्रत्यक्षांत दोन हजारांहून अधिक छपरें झालीं. पण दर पडला युनिटाला सुमारें सतरा फेनिग, आणि उन्हाची वीज उत्पन्न करण्याचा खर्च होता सुमारें दोन मार्क, म्हणजे दोनशें फेनिग! पवनचक्क्यांना तो दर पुरला. छपरांना कसा पुरावा? अनुदान संपलें कीं छपरेंहि थांबलीं. तेव्हां आखेन शहरांतील कांहीं नागरिकांनीं एक साधा प्रश्न विचारला. कोळशाच्या वीजगृहाला खर्च भरून निघेल असा दर मिळतो, तर छपराला तो कां मिळूं नये? बुर्गडोर्फ या स्विस गांवानें असाच प्रयोग केलेला होता. बव्हेरियांतील हामेलबुर्ग गांवानें तो इ. स. १९९३ सालीं उचलला. आखेनच्या नगरसभेनें ठराव करूनहि नियंत्रक खात्याची मान्यता मिळण्यास इ. स. १९९५ उजाडावें लागलें. त्यानंतर तेथें युनिटाला सुमारें दोन मार्क मिळूं लागले, आणि त्याचा बोजा शहरांतील सर्वांच्या बिलांवर शेंकडा एकाहून अधिक पडणार नाहीं अशी मर्यादा घालण्यांत आली.

आखेनची ही कल्पना इ. स. २००० च्या एप्रिलांत साऱ्या जर्मनीचा कायदा झाली. छपरावरील विजेला युनिटाला ९९ फेनिग, हा दर वीस वर्षें कायम, आणि नव्याने येणाऱ्यांसाठीं तो दरसाल शेंकडा पांच उतरता. या उतरत्या दरांत कायद्याचें खरें शहाणपण होतें. कारखानदारानें किंमत उतरविली नाहीं, तर त्याचें गिऱ्हाईक पुढच्या वर्षीं येणार नाहीं. आंखणीचा नियम पुनः बदलला. आतां घराच्या खपाशीं छपराचा संबंधच उरला नाहीं. सारी वीज वेगळ्या मीटरनें मोजून विकावयाची आणि घरासाठीं पूर्वीप्रमाणें विकत घ्यावयाची. म्हणून छपरावर जागा असेल तितके फलक बसवावे, आणि वर्षांत अधिकांत अधिक युनिटें निघावीं म्हणून त्यांचें तोंड दक्षिणेकडे ठेवावें. बव्हेरियांतील शेतकऱ्यांनीं गोठे व गवताचीं कोठारें फलकांनीं झांकून काढलीं. इ. स. २०१० पासून तीन वर्षें दरसाल सात हजार मेगॅवॅटांहून अधिक भर पडत गेली. जर्मनीच्या छपरावरील एका किलोवॅटापासून वर्षाला साधारण हजार युनिटें निघतात, तर पुण्याच्या गच्चीवर ती सुमारें दीडपट निघतील. अर्थात् ज्या देशावर सूर्याची कृपा कमी, त्या देशांत छपरें आधीं भरलीं, तीं कायद्याच्या कृपेनें.

या कृपेचे पैसे कोणी दिले, हें विसरतां येत नाहीं. ते जर्मन बिलावरील अधिभारानें दिले. इ. स. २०१४ सालीं तो युनिटामागें सहा सेंटांच्या वर गेला होता. मोठ्या कारखान्यांना त्यांतून बरीच सूट होती. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या विधवेला मात्र ती नव्हती. इ. स. २०२२ च्या जुलैपासून हा अधिभार बंद झाला. पण मधल्या वीस वर्षांत त्या मागणीच्या आधारावर आधीं जर्मनींत व मग विशेषेंकरून चीनमध्यें कारखाने उभे राहिले, आणि फलकांची किंमत इतकी कोसळली, कीं आज पुण्या-नागपुरांत गृहस्थ जो स्वस्त फलक विकत घेतो, त्याच्या किंमतींतील उताराचा कांहीं भाग त्या अनोळखी जर्मन भाडेकरूनें आगाऊ भरलेला आहे.

जपानची वाट थोडी वेगळी होती. तेथील कंपन्यांनीं इ. स. १९९२ पासून उरलेली वीज विकत घेण्यास सुरुवात केली व इ. स. १९९४ पासून सरकारनें घरांना अनुदान दिलें. भूकंपाच्या त्या देशांत इन्व्हर्टरांवर एक जादा खटका व विजेचें एक वेगळें भोंक ठेवण्याची रीत पडली. तार मेली कीं खटका दाबून ऊन असेपर्यंत सुमारें दीड किलोवॅटपर्यंत वीज त्या भोंकांतून घेतां येई. इ. स. २०११ च्या मार्चमधील भूकंप व त्सुनामीच्या संकटांत ज्या घरांना त्या खटक्याची माहिती होती, त्यांनीं त्यावर टेलिफोन भरले, भात शिजविला. कराराचें पहिलें कलम न मोडतां त्याला माणुसकीचा अपवाद कसा जोडावा, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

छपरें वाढलीं तशी तबकडीनें झांकून ठेवलेली अडचण उघडी पडली. जर्मनींत जुन्या नियमाप्रमाणें तारेंतील आवर्तनें ५०·२ च्या वर गेलीं, कीं प्रत्येक इन्व्हर्टरनें तत्काळ बाजूला व्हावयाचें होतें. छपरें थोडीं होतीं तेव्हां हा नियम सावधगिरीचा होता; हजारों मेगॅवॅट झाल्यावर तेच सारे एकदम बाजूला झाले तर देश अंधारांत जाईल, असें दिसून आलें. इ. स. २०१२ सालीं खास आज्ञा काढून लाखों छपरांवरील यंत्रें बदलून घ्यावीं लागलीं. कॅलिफोर्नियांत दुसरीच तऱ्हा. दुपारीं कंपनीकडील मागणी खोल जाते आणि सूर्य मावळतांना एकदम वर चढते, इ. स. २०१३ सालीं काढलेल्या तिच्या आलेखाचा आकार बदकासारखा दिसला, म्हणून तें नांवच पडलें. अखेर इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत तेथील नियामकांनीं निर्णय केला, आणि इ. स. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गिऱ्हाइकाच्या दिलेल्या युनिटाचें मोल सरासरीनें सुमारें तीन-चतुर्थांशांनीं घटलें. लगेच आंखणीचा नियम तिसऱ्यांदा बदलला. बॅटरी, जिला तारेनें घराबाहेर काढलें होतें, ती पुनः घरांत आली. आणि सायंकाळच्या विजेला मोल आल्यामुळें पश्चिमेकडील छपराची उतरंडहि कामाची ठरूं लागली. सूर्य तोच, घट तोच, छप्परहि तेंच. बदलला तो हिशेब.

आपल्या देशांत राष्ट्रीय सौर मोहीम इ. स. २०१० च्या जानेवारींत सुरू झाली. इ. स. २०१५ सालीं छपरांसाठीं चाळीस हजार मेगॅवॅटांचें उद्दिष्ट ठरलें, तें इ. स. २०२२ पर्यंत गांठावयाचें होतें. तें गांठलें गेलें नाहीं. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानें नेट मीटरिंगचे नियम इ. स. २०१५ सालीं केले. मंजूर भारापेक्षां योजना मोठी नसावी, जास्त झालेलीं युनिटें पुढच्या महिन्यांत ओढावीं, आणि मार्चअखेर जी शिल्लक राहील ती कमी दरानें घ्यावी, असा त्यांचा सारांश आहे. हुशार गृहस्थाला यांतून आंखणी आपोआप कळते: वर्षाच्या खपाहून थोडें कमीच बसवावें. इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें एक कोटी घरांसाठीं सूर्यघर योजना जाहीर केली. तिचें अनुदान एका किलोवॅटाला तीस हजार, दोहोंना साठ हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटांना अठ्ठ्याहत्तर हजार रुपये असें ठरलें. तेव्हां गृहस्थाचें मन तीन किलोवॅटपाशीं येऊन थांबावें, हें स्वाभाविक होय. त्याला सुमारें तीनशें चौरस फूट विनासावलीची गच्ची लागते आणि दिवसाला साधारण बारा युनिटें मिळतात. पाण्याच्या टांकीची सावली एका फलकावर पडली तरी एका माळेंत ओंवलेल्या साऱ्या फलकांची वीज खालावते, म्हणून जागा निवडण्यास कसब लागतें. हें खरें इंजिनियरचें काम. आंकडा मात्र सरकारी कोष्टकानें आधींच ठरविलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट अशी आहे, जी जर्मनींत नव्हती. कारखाने, दुकानें व कचेऱ्या यांच्याकडून आपण विजेचा दर चढा घेतों, आणि त्यांतून शेतकऱ्याची व गरीब घराची वीज स्वस्त ठेवतों. म्हणून येथें छपराचा मोह प्रथम कारखानदाराला झाला, मग तीनशें-चारशें युनिटें जाळणाऱ्या सुखवस्तु घराला. शंभर युनिटांच्या आंत भागविणाऱ्या कुटुंबाला त्यांत फारसें वांचवितां येत नाहीं. चाळींत किंवा सामाईक गच्चीच्या इमारतींत राहणाऱ्याला तर स्वतःचें छप्परच नसतें. जे अधिक देत होते ते एकेक करून बाजूला झाले, तर तारांचा, खांबांचा व वायरमनच्या पगाराचा भार मागें उरलेल्यांवर पडणार, हें सांगावयास गणित लागत नाहीं. वीजमंडळाचें हें म्हणणें खोटें नाहीं. पण त्याच म्हणण्याचा आधार घेऊन छपराची वाटच अडवून धरणें, हाहि त्यावरचा उपाय नव्हे.

दुसऱ्या देशांचा अनुभव येथें उपयोगी पडण्यासारखा आहे. स्पेननें इ. स. २००७ सालीं उदार दर जाहीर केले. सामान्य कुटुंबांनींहि आपली शिल्लक त्यांत घातली, आणि इ. स. २०१० पासून सरकारनें आधीं दिलेल्या शब्दांतच कपात करण्यास आरंभ केला. नेव्हाडा राज्यानें इ. स. २०१५ च्या डिसेंबरांत जुन्या छपरांनाहि नवा, कमी दर लावला. इतका गहजब झाला, कीं पुढच्या वर्षीं जुन्यांना जुना दर परत द्यावा लागला आणि इ. स. २०१७ सालीं कायदाच नवा करावा लागला. उलट कॅलिफोर्नियाचा बदल कडक असला तरी जुन्या गिऱ्हाइकांची वीस वर्षांची मुदत तेथें राखली गेली. दर पुढच्यासाठीं उतरविणें हा राज्यकर्त्यांचा अधिकार आहे. मागच्याचा शब्द मोडणें हा विश्वासघात आहे. ज्या गृहस्थानें मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेली रक्कम पंचवीस वर्षें टिकणाऱ्या फलकांत घातली, त्याच्यापाशीं बदलत्या नियमांविरुद्ध दुसरें कोणतें संरक्षण आहे?

यावरून प्रस्तुत लेखकाला तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. तारेचें भाडें तारेच्या नांवानें, उघडपणें व बेताचें घ्यावें. तें युनिटाच्या दरांत लपवूं नये, आणि फुकटहि सोडूं नये. दुपारच्या व सायंकाळच्या युनिटाचा भेद नव्या मीटरला कळतो, तर तो दरांतहि उतरावा, पण ज्यांच्याशीं जुना करार झाला आहे त्यांची मुदत संपूं द्यावी. आणि ज्यांना छप्पर नाहीं त्यांना दुसऱ्याच्या छपरांत वांटा घेतां यावा. जर्मनीनें इ. स. २०१७ सालीं भाडेकरूंसाठीं त्या अर्थाचा कायदा केला आहे. आपल्या सहकारी गृहसंस्थांना तर ही कल्पना परकी वाटण्याचें मुळींच कारण नाहीं. सामाईक विहीर, सामाईक जिना, सामाईक गच्ची यांचा हिशेब त्या वर्षानुवर्षें ठेवीत आल्या आहेत.

उलटी फिरणारी तबकडी आतां बहुतेक घरांतून गेली. तिच्या जागीं दोन्ही बाजूंचें माप वेगवेगळें ठेवणारा, वेळ ओळखणारा मीटर आला आहे. जुन्या कारकुनाला देणें व घेणें यांत भेदच करतां येत नव्हता, म्हणून त्याचा हिशेब सोपा होता आणि वाद कमी होते. नवा कारकून सारें कांहीं मोजतो; कोणत्या युनिटाला काय मोल द्यावें, हें मात्र त्याला सांगावें लागतें, आणि तें सांगण्याची जबाबदारी आपली आहे.